कला शाखेची पदवी: विषय कोणता, माध्यम कोणते आणि कॉलेज सीमेच्या अलीकडचे की पलीकडचे?

हिंडलगेकर

माझी भाची यंदा पीयूसी दुसऱ्या वर्षाची (म्हणजे बारावीची) परीक्षा कला शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. तिचे विषय इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र, म्हणजे आपल्याकडे ज्याला एचईपीएस म्हणतात ते कॉम्बिनेशन. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि पीयूसीला इंग्रजी माध्यम घ्यावे लागले. आता बी.ए.ला प्रवेश घ्यायचा आहे आणि घरात तीन मते आहेत. तिच्या वडिलांचे म्हणणे आहे की बी.ए. आणि नंतर बी.एड. करून तिने शिक्षिका व्हावे. मला वाटते की अर्थशास्त्राला पुढे वाव अधिक आहे. तिला स्वतःला समाजशास्त्र आवडते, परंतु त्यातून पुढे काय होते हे तिला कोणी नीट सांगितलेले नाही.

कॉलेजचाही प्रश्न तितकाच अवघड आहे. बेळगावातच राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात राहायचे, धारवाडला जायचे, चंदगड किंवा गडहिंग्लजला शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात मराठी माध्यमातून शिकायचे, की थेट कोल्हापूर-पुण्याचा विचार करायचा, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे. शास्त्र शाखेला का घातले नाही, असे मात्र कृपया कोणी विचारू नये. तो प्रश्न नातेवाइकांनी पुरेसा विचारून झाला आहे.

टिळकवाडीचा वाचक

शास्त्र शाखेला का घातले नाही? (क्षमस्व, राहवले नाही. गंभीर प्रतिसाद नंतर देतो.)

निवृत्त प्राध्यापक

विषय आणि कॉलेज यांच्याआधी दोन्ही राज्यांतील पदवीची रचना समजून घ्यावी, कारण गेल्या काही वर्षांत ती इतकी बदलली आहे की मोठ्या भावंडांचा सल्लाही आज लागू पडेलच असे नाही. कर्नाटकात २०२१-२२ पासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीची सोय झाली होती. पुढे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळले आणि बी.ए.ला तीन मुख्य विषय घेण्याची जुनी पद्धत परत आली. महाराष्ट्रात याच्या उलट घडले. तेथील संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय धोरण लागू झाले. त्या रचनेत पुढे एका मुख्य विषयावर भर असतो, सोबत दुय्यम विषय असतो आणि चौथ्या वर्षी ऑनर्सचा पर्याय असतो.

याचा व्यवहारातील अर्थ असा की बेळगावात किंवा धारवाडला प्रवेश घेतल्यास अठराव्या वर्षी एकाच विषयाला बांधून घेण्याची गरज नाही. इतिहास, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र असे तिन्ही विषय सोबत शिकता येतात आणि एम.ए.च्या वेळी त्यांतील एक निवडता येतो. ज्या मुलीला काय आवडते हे साधारण ठाऊक आहे, पण पुढची वाट दिसत नाही, तिच्यासाठी ही रचना मला अधिक हिताची वाटते. मात्र तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे असते आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना एका वर्षात एम.ए. करण्याची तरतूद आहे, हाही हिशेब मांडून ठेवावा.

मार्कंडेय काठ

प्राध्यापक महोदयांनी सांगितलेली रचना बरोबर आहे, पण आपल्या भागातील मराठी मुलांची खरी अडचण माध्यमाची आहे. बेळगावच्या कॉलेजांत मराठी हा भाषाविषय म्हणून मिळतो, काही ठिकाणी ऐच्छिक विषय म्हणूनही मिळतो, परंतु समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकवण्याचे आणि उत्तरपत्रिका लिहिण्याचे माध्यम इंग्रजी किंवा कन्नड असते. बाजारातील गाईडे बहुतेक कन्नडमध्ये आणि ग्रंथालयातील चांगली पुस्तके इंग्रजीत. आमच्या वर्गातील मराठी मुले यावर एकच तोडगा काढत असत. मागच्या वर्षीच्या मुलांच्या इंग्रजी नोट्स झेरॉक्स करून घ्यायच्या आणि पाठ करायच्या. त्या नोट्समधील शुद्धलेखनाच्या चुकाही वर्षानुवर्षे जशाच्या तशा पुढे सरकत होत्या.

मी असेच पहिले वर्ष काढले आणि उत्तीर्णही झालो. नंतर चंदगडच्या एका मित्राकडून समाजशास्त्राचे मराठी पाठ्यपुस्तक मिळाले. त्यात एमिल द्यूर्केम या फ्रेंच अभ्यासकाने १८९७ साली आत्महत्येवर केलेल्या अभ्यासाचे प्रकरण होते. एका माणसाने जीव देणे ही त्याची एकट्याची गोष्ट वाटते, पण एखाद्या समाजातील आत्महत्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळपास स्थिर राहते. प्रोटेस्टंट, कॅथलिक, विवाहित, अविवाहित अशा गटांमध्ये त्यात सातत्याने फरक दिसतो. म्हणजेच त्यामागे माणसे एकमेकांशी किती घट्ट बांधलेली आहेत याचा संबंध आहे, असे ते प्रतिपादन. हेच प्रकरण मी इंग्रजीत पाठ करून परीक्षेत लिहिले होते आणि त्याला गुणही मिळाले होते, परंतु त्यात नेमके काय म्हटले आहे हे मराठीत वाचल्यावरच कळले. त्यानंतर तोच मजकूर इंग्रजीत पुन्हा वाचला तेव्हा तो अवघड राहिला नाही.

म्हणून माझा सल्ला असा की कॉलेज बेळगावात घेतले तरी शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राची मराठी पाठ्यपुस्तके मिळवावीत आणि दोन्ही भाषांतून समांतर वाचावे. केवळ माध्यमासाठी सीमा ओलांडावी की नाही, हे मात्र घरच्या परिस्थितीवर ठरते.

खानापूरकर

मार्कंडेय काठ यांचा अनुभव खरा आहे, परंतु तो अर्धाच आहे. येथे राहून येथे नोकरी करायची असेल तर कन्नड टाळून चालत नाही, आणि पदवीची तीन वर्षे हीच ते नीट शिकण्याची शेवटची निवांत संधी असते. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या राजपत्रित अधिकाऱ्यांच्या मुख्य परीक्षेत कन्नडचा पात्रता पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. पंचायत विकास अधिकारी किंवा ग्राम प्रशासकीय अधिकारी (पूर्वीचे ग्रामलेखाधिकारी) या पदांसाठीही कन्नडची अट असते. दहावीपर्यंत तिसरी भाषा म्हणून कन्नड शिकलेली आमची मुले अक्षरे वाचतात, बाजारात बोलतातही, पण सरकारी परिपत्रक वाचून त्याचा सारांश लिहायला सांगितला तर त्यांची पंचाईत होते.

कन्नड शिकल्याने कोणाचे मराठीपण कमी होत नाही. खानापूर तालुक्यात कित्येक घरांत आजी मराठीत ओवी म्हणते आणि नातू कन्नडमध्ये वीज मंडळाकडे तक्रार लिहितो. भाचीने बेळगावात प्रवेश घेतला तर तिने भाषाविषयांत कन्नड घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

टिळकवाडीचा वाचक

खानापूरकर, वीज मंडळाकडे केलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले, हेही सांगितले असते तर कन्नडचा उपयोग अधिक पटला असता.

निपाणीकर

आमच्याकडे सीमा ओलांडण्याचा प्रश्न इतका गंभीर वाटत नाही. निपाणीला लागूनच अर्जुननगर आहे. ते कोल्हापूर जिल्ह्यात येते आणि तेथील देवचंद कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीतील मुलगा सकाळी चालत दुसऱ्या राज्यात शिकायला जातो आणि दुपारी जेवायला आपल्या राज्यात परत येतो.

विषयाबाबत मी अर्थशास्त्राच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण आमच्याच मातीत आहे. निपाणी ही तंबाखूची पेठ. शेतकरी तंबाखू पिकवतो, तो वखारीत जातो, बायका घरी बसून विड्या वळतात, आणि भाव मात्र यांपैकी कोणीच ठरवत नाही. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी येथे महामार्गावर ठिय्या दिला, तो याच भावाच्या प्रश्नावर. ज्याच्या घरात ही चर्चा रोज होते, त्याला मागणी-पुरवठ्याची आकृती फळ्यावर काढून दाखवली की पहिला प्रश्न सुचतो, की या आकृतीत व्यापारी कुठे आहे? असा प्रश्न पडणाऱ्या मुलांनी अर्थशास्त्र शिकावे, असे मला वाटते.

गोखले रस्ता

निपाणीकरांच्या उत्साहाला थोडा आवर घालतो. मी पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. केले आहे. बी.ए.च्या अर्थशास्त्रात शेती, बँका, पंचवार्षिक योजना असे वर्णनात्मक भाग बरेच असतात आणि ते गणिताशिवाय निभावतात. परंतु एम.ए.च्या चांगल्या संस्थांत पाऊल टाकले की पहिल्याच सत्रात कलन, सारणिक आणि संख्याशास्त्र समोर येते. दिल्ली विद्यापीठात तर बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्रासाठीच बारावीला गणित असणे आवश्यक आहे. एचईपीएसमध्ये गणित नसते. म्हणून अर्थशास्त्रात खोलवर जायचे असेल तर बी.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच गणित आणि संख्याशास्त्र स्वतंत्रपणे शिकायला सुरुवात करावी. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेलाही अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते आणि तिच्या पेपरांत संख्याशास्त्राचाही भाग असतो. गणिताचा तिटकारा असेल, तर अर्थशास्त्र हा तीन विषयांपैकी एक म्हणून उत्तम आहे, पण एकमेव आधार म्हणून नाही.

शहापूरची मावशी

येथे सर्वांनी विषयांची चर्चा केली, पण मुलगी जाणार कशी आणि राहणार कुठे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. माझ्या दोन्ही मुली बी.ए. झाल्या, म्हणून सांगते. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना राज्याच्या साध्या बसमधून विनामूल्य प्रवास आहे, त्यामुळे बेळगाव शहरात किंवा धारवाडला जाण्याच्या खर्चात मोठा फरक पडतो. महाराष्ट्राच्या एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. चंदगड बेळगावपासून चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि रोजची ये-जा शक्य आहे, परंतु सीमेवर वातावरण तापले की दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात, आणि ते नेमके परीक्षेच्या दिवसांतही घडू शकते. माझ्या धाकट्या मुलीला अशा एका सकाळी सीमेपलीकडच्या गावापर्यंत दुचाकीवरून सोडावे लागले होते.

आणखी एक गोष्ट. समाजशास्त्र आणि समाजकार्य यांत लोक नेहमी गल्लत करतात. आमच्या थोरलीने समाजशास्त्र घेतले तेव्हा गल्लीतील बायका तिला रेशनकार्डाचे अर्ज भरून द्यायला सांगू लागल्या. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी वेगळी असते, तिला एम.एस.डब्ल्यू. म्हणतात आणि त्यात संस्थांमध्ये प्रत्यक्ष काम करावे लागते. रुग्णालये, बालकल्याण, कारखान्यांतील कामगार कल्याण अशा ठिकाणी त्या पदवीला मागणी असते. समाजशास्त्रात बी.ए. करून पुढे एम.एस.डब्ल्यू.कडे वळता येते. थोरलीने तेच केले. ती रेशनकार्डाचे अर्ज अजूनही भरून देते.

संगणक सेवक

मत थोडे कडू आहे, पण मांडतो. आज बी.ए. करणाऱ्याला बाजारात कोण विचारतो? बेळगावातून पुण्या-बेंगळूरूला गेलेल्यांत बी.सी.ए. आणि अभियांत्रिकीवालेच अधिक दिसतात. आवड म्हणून इतिहास वाचायला पदवीची गरज नाही. बी.सी.ए. करा आणि रात्री इतिहास वाचा.

मार्कंडेय काठ

संगणक सेवक, रात्री इतिहास वाचणारे बी.सी.ए.चे विद्यार्थी मला अजून भेटायचे आहेत. शिवाय बँका, स्टाफ सिलेक्शन, केंद्र आणि राज्याच्या लोकसेवा परीक्षा, सैन्यातील अधिकारीपदासाठीची सीडीएस परीक्षा (भूदलासाठी कोणतीही पदवी चालते, आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात हे सांगायला नको) या सर्वांना पदवी लागते, विशिष्ट शाखा लागत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत ऐच्छिक विषयाचे २५० गुणांचे दोन पेपर असतात. त्यासाठी समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र हे विषय घेणारे पुष्कळ असतात, आणि मराठी साहित्यही घेता येते. सामान्य अध्ययनातही यांच्याच अभ्यासाचा मोठा भाग असतो.

संगणक सेवक

स्पर्धा परीक्षांना बसणारे किती आणि निवडले जाणारे किती, हेही त्याच प्रतिसादात लिहायला हवे होते. चार वर्षे अभ्यासिकेत बसून तिशीत घरी परतणारी मुले प्रत्येक गल्लीत आहेत. ती पदवी कोणत्या विषयाची आहे, हे त्यांच्या आईवडिलांनाही आठवत नसते.

निवृत्त प्राध्यापक

संगणक सेवक यांच्या या दुसऱ्या प्रतिसादातील मुद्दा मला मान्य आहे. कला शाखा म्हणजे स्पर्धा परीक्षेची पूर्वतयारी, ही समजूत आपल्या भागात फार रुजली आहे आणि त्यामुळे विषय शिकण्याकडे दुर्लक्ष होते. मात्र त्यावरचा उपाय बी.सी.ए. नाही. पदवीच्या काळात विषयाला जोडून एखादे हातचे कौशल्य मिळवणे हा आहे: सर्वेक्षण करून आकडे मांडता येणे, मुलाखत घेऊन ती नीट लिहून काढता येणे, दोन भाषांत निर्दोष भाषांतर करता येणे, जुना दस्तऐवज वाचता येणे. यांपैकी एक जरी चांगले आले, तर पदवीला वजन येते.

हलशीचा पांथस्थ

जुन्या दस्तऐवजांचा उल्लेख झाला म्हणून इतिहासाची बाजू मांडतो, कारण धाग्यात आतापर्यंत ती कोणीच मांडलेली नाही. बेळगाव जिल्हा म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी उघडी प्रयोगशाळा आहे. शहराच्या अगदी कुशीत वडगाव-माधवपूर येथे उत्खननात सातवाहनकालीन वसाहत सापडली. हलशीला कदंबांची मंदिरे आहेत, बेळगावच्या किल्ल्यात रट्टांच्या काळातील कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, राणी चन्नम्मांचे कित्तूर आहे, आणि १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेले काँग्रेसचे अधिवेशनही येथेच झाले. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन.

आता व्यवहाराचे बोलतो. हा भाग पूर्वी मुंबई इलाख्यात होता आणि त्याआधी पेशव्यांच्या अमलाखाली होता, त्यामुळे येथील जमिनीचे, देवस्थानांचे आणि इनामांचे जुने कागद मोठ्या प्रमाणात मोडी लिपीत आहेत. वारसाहक्काचे किंवा जातीच्या पुराव्याचे प्रकरण निघाले की घराच्या माळ्यावरील पेटीतून एक पिवळा कागद बाहेर येतो. त्यावर वरच्या बाजूला एक सलग आडवी रेघ असते आणि तिच्याखाली लेखणी न उचलता लिहिलेली वळणदार अक्षरे असतात. घरातील कोणालाही तो वाचता येत नाही आणि मग मोडी वाचणाऱ्याचा शोध सुरू होतो. इतिहासाची पदवी, मोडीचे प्रशिक्षण आणि त्याच्या जोडीला जुन्या कन्नड शिलालेखांची ओळख असा संच ज्याच्याकडे आहे, असा माणूस आज फार दुर्मिळ आहे. सीमेवरील मुलांना दोन्ही भाषा कानावर पडलेल्या असतात, ही पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याकडे नसलेली पुंजी आहे. पुढे पुरातत्त्वाकडे वळायचे असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

कुंदा आणि करदंट

पुंजीवरून आठवले. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत होते. प्रत्येकाने घरात आपापली भाषा टिकवून ठेवली होती आणि शब्द वेगळे होते, परंतु वाक्यांची घडण इतकी सारखी झाली होती की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येत असे. भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत हा निबंध जगभर उद्धृत होतो. आपल्या येथे बेळगावच्या भाजी बाजारात हेच रोज ऐकू येते, पण पुण्यातील नातेवाईक त्याला अशुद्ध मराठी म्हणून हसतात. ज्या मुलीला समाजशास्त्र आवडते, तिने भाषाविज्ञानाकडेही एक नजर टाकावी. बी.ए.ला तो स्वतंत्र विषय म्हणून जवळपास मिळणार नाही, परंतु एम.ए.ला धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि डेक्कन कॉलेजात मिळतो.

वकील साहेब

पाच वर्षांच्या बी.ए., एलएल.बी.चा पर्याय अजून कोणी सुचवला नाही, याचे आश्चर्य वाटते. बेळगावचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून आहे. या अभ्यासक्रमात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र हे विषय पहिल्या काही सत्रांत येतातच आणि हाती व्यावसायिक पदवी पडते. सीमाभागातील मुलांना राज्यघटनेचे कलम १३१ काय आहे, हे वेगळे शिकवावे लागत नाही. राज्याराज्यांतील वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याचे ते कलम, २००४ पासून तेथे असलेला महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा त्याच कलमाखाली आहे आणि चहाच्या टपरीवर त्याची सुनावणी रोज होते.

टिळकवाडीचा वाचक

आणि टपरीवर निकालही रोज लागतो. सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागा आहे, तेथे जावे, ही नम्र विनंती.

दाखलेवाला

मी प्रवेशाचे आणि दाखल्यांचे अर्ज भरून देण्याचे काम करतो, त्यामुळे थोडे रुक्ष लिहितो. जातीचा दाखला ज्या राज्याचा, त्याच राज्यात त्याचे आरक्षण चालते. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३-ब प्रवर्गात येतो. तो दाखला घेऊन महाराष्ट्रात गेल्यास सामान्यतः खुल्या प्रवर्गातूनच प्रवेश मिळतो. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षात वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी वेगळा उमेदवारी प्रकार आहे, परंतु तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साध्या बी.ए.साठी नाही. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांतील विद्यार्थ्यांना शिवाजी विद्यापीठ ज्या सवलती देते, त्यांचे चालू वर्षाचे परिपत्रक विद्यापीठातूनच घ्यावे, कारण ऐकीव माहितीवर लोक फेऱ्या मारत राहतात. कर्नाटकातील कलम ३७१-जे चे आरक्षण कल्याण कर्नाटकासाठी (पूर्वीचा हैदराबाद-कर्नाटक भाग) आहे, बेळगाव त्यात येत नाही, हेही दरवर्षी अनेकांना समजावून सांगावे लागते.

बेळगाव किंवा धारवाडला प्रवेश घ्यायचा असेल तर यूयूसीएमएस या राज्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) आधीच काढून ठेवावा आणि त्यावरील आरडी क्रमांक शिष्यवृत्तीच्या एसएसपी अर्जात जसाच्या तसा भरावा. आधार कार्डावरील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव यांत फरक असेल तर तो आताच दुरुस्त करून घ्यावा. आपल्या भागात एकाच मुलाचे आडनाव एका कागदावर मराठी वळणाचे आणि दुसऱ्यावर कन्नड वळणाचे असते, आणि शिष्यवृत्ती नेमकी तेथेच अडकते.

बेंगळूरूस्थित बेळगावकर

दूर जाण्याची तयारी असेल तर आणखी दोन वाटा आहेत. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामायिक परीक्षा आहे आणि ती मराठी व कन्नड या दोन्ही भाषांतूनही देता येते. हैदराबाद, दिल्ली आणि कलबुर्गीजवळील कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ येथे तिच्याद्वारे प्रवेश होतात. दुसरे बेंगळूरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ. तेथे स्वतःची प्रवेशपरीक्षा असते, शुल्क जास्त आहे, परंतु घरच्या उत्पन्नानुसार शुल्कमाफी आणि निवासखर्चात साहाय्य मिळते. दोन्हींचे अर्ज पीयूसीचा निकाल लागण्याच्या पुष्कळ आधी भरावे लागतात, त्यामुळे यंदा ती वेळ गेलेली असेल. मात्र एम.ए.च्या वेळी हेच दरवाजे पुन्हा उघडतात, हे भाचीला सांगून ठेवावे.

हिंडलगेकर

सर्वांचे आभार. हा धागा भाचीने स्वतः दोनदा वाचला आणि काही गोष्टी तिने मला लिहायला सांगितल्या आहेत. गणिताची तिला भीती नाही, पण पीयूसीला ते नसल्याने सराव तुटला आहे. शिक्षिका होण्यास तिची ना नाही, परंतु केवळ तेच ध्येय धरून विषय निवडणे तिला पटत नाही. पहिली तीन वर्षे बेळगावातच राहून समाजशास्त्र, इतिहास आणि अर्थशास्त्र घ्यावे आणि एम.ए.ला बाहेर पडावे, असा तिचा कल झाला आहे. तिच्या वडिलांचा एक प्रश्न शिल्लक आहे. या तीन विषयांवर बी.एड. करून कर्नाटकात शिक्षकभरतीसाठी पात्र ठरता येते का? आणि दोन कॉलेजांत हे विषय उपलब्ध असतील तर त्यांतून एक कसे निवडावे?

निवृत्त प्राध्यापक

बी.एड.साठी हे विषय चालतात. सहावी ते आठवीच्या शिक्षकपदासाठी पदवी, बी.एड. आणि राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) असा मार्ग आहे. माध्यमिक शाळांच्या भरतीत मात्र पदवीला कोणते विषय किती वर्षे शिकले, यावर जाहिरातीत नेमक्या अटी असतात आणि त्या भरतीनुसार बदलतात. म्हणून मागील भरतीची अधिसूचना काढून समाजविज्ञानाच्या पदासाठीची विषयांची जोडी पाहून घ्यावी. भूगोल किंवा राज्यशास्त्र घेतल्याने पात्रता वाढत असेल, तर अर्थशास्त्राऐवजी त्याचा विचार करायचा का, हे तिने आताच ठरवावे, कारण दुसऱ्या वर्षी विषय बदलणे फार कटकटीचे असते.

कॉलेज निवडताना इमारत आणि जाहिरात पाहू नये. तीन गोष्टी स्वतः जाऊन विचाराव्यात. समाजशास्त्राला कायमस्वरूपी प्राध्यापक आहे की दरवर्षी बदलणारे अतिथी प्राध्यापक आहेत, हे पहिले. अतिथी प्राध्यापकही उत्तम शिकवतात, परंतु त्यांची नेमणूक उशिरा झाली तर सत्राचा पहिला महिना रिकामा जातो. दुसरे, ग्रंथालयात जाऊन समाजशास्त्राच्या कपाटातील पुस्तके हाताळावीत आणि आतील तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का कधीचा आहे ते पाहावे. तिसरे, मागच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका मागून घ्याव्यात आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमाशी ताडून पाहाव्यात.

शहापूरची मावशी

चौथी गोष्ट मी सांगते. त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एखाद्या मुलीला गाठून विचारावे. प्राचार्य जे सांगणार नाहीत, ते ती पाच मिनिटांत सांगेल.

खानापूरकर

आणि भाषाविषयांच्या रकान्यात कन्नड लिहायचे राहू नये. माझ्याकडे पहिल्या सत्राची मराठीतून समजावलेली कन्नड व्याकरणाची जुनी वही आहे. भाचीला हवी असल्यास हिंडलगेकर यांनी व्यक्तिगत संदेश करावा, शनिवारी बाजाराला येतो तेव्हा घेऊन येईन.